ताईंकडे ठेवलेली बाटली

सकाळी न्हाणीघरातला दिवा लावला. दहापैकी नऊ बाटल्या पांढऱ्याफटक. काल सकाळी त्याच बाटल्या मधाच्या रंगाच्या होत्या.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगते. घरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारे हौशी लोक असतात. त्यांचे काही मासे डब्यातले दाणे खात नाहीत, उपाशी मरतील पण खाणार नाहीत. त्यांना जिवंत, हलतं खाणं लागतं. ते खाणं म्हणजे कोपेपॉड, मिठाच्या कणाएवढे जीव. आणि कोपेपॉडना खायला लागतं फायटो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी वनस्पती. ती दाटली की पाण्याला रंग चढतो. मी हे दोन्ही न्हाणीघरात पिकवते. शेजारचे मला डबकेवाली म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या घरात काय पिकतं ते मला माहीत आहे.

माझ्या कोपेपॉडचा वंश सहा वर्षांचा. एका चमच्यात मावतील एवढ्यांपासून चार बादल्या केल्या. जात भारी नखरेल. बाजारातलं बाटलीबंद, मेलेलं फायटो यांना चालत नाही, जिवंत सोनेरीच हवं. ते दोन दिवस मिळालं नाही की बादलीच्या तळाशी राखाडी साका बसतो. तो साका म्हणजे मेलेले कोपेपॉड. बाहेरून फायटोचं बी, म्हणजे वाढवायला एखादी जिवंत बाटली, मागवायचं तर यायला आठ दिवस. शेवटचं खाणं मी काल सकाळी घातलं होतं. म्हणजे हातात होता हा एक दिवस.

एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. रोटिफर. फायटोवर जगणारे हे सूक्ष्म जीव डोक्यावरचं चाक फिरवत, सगळं गिळत, मजेत फिरत होते. दहाव्या बाटलीचा रंग अजून शाबूत होता, तिचाही थेंब पाहिला. तिच्यातही होते. कमी होते, एवढंच.

चूक माझी. सरळ सांगते, कारण फिरवून सांगायला मला जमत नाही. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की आधी फायटो, मग जीव. सकाळी कोरड्या, स्वच्छ हातांनी बाटल्या बघायच्या, मग बादल्या, आणि बादलीत हात गेला की त्या दिवशी बाटल्यांकडे फिरकायचं नाही. माझ्याकडे एका दातांच्या डॉक्टरांच्या टाकीतल्या माशांच्या पिल्लांसाठी रोटिफरची एक बादली होती. चार दिवसांपूर्वी ती गाळताना एका बाटलीतली हवेची नळी सुटली. पाणी उडायला लागलं. मी ओल्या हाताने नळी परत खुपसली. ओला हात, एक थेंब, मग बुडबुड्यांच्या शिंतोड्यांनी बाकीच्या बाटल्या, झालं.

आणि हे होणार असं मला एका बाईने आधीच सांगितलं होतं.

ती माझी थोरली नणंद, ताई. शिवणकाम करते. हा उद्योग आम्ही दोघींनी मिळून सुरू केला होता. मी रोटिफर आणले त्या दिवशी ताई म्हणाल्या, "एका घरात, त्याच हातांनी? बाटल्यांची तिरडी बांधायलाच घे मग."

मी म्हणाले, "माझं चांगलं चाललेलं तुम्हाला बघवत नाही."

ताईंनी आपलं सामान उचललं. दहा महिने झाले, बोलणं बंद.

पण या कामात एक रीत आहे. प्रत्येकाने आपल्या बियाची एक बाटली दुसऱ्याच्या घरी ठेवायची आणि त्याची आपल्या घरी. घरचं सगळं बुडालं तरी वंश बुडू नये म्हणून. भांडा, कोर्टात जा, एकमेकांच्या झिंज्या उपटा, पण ठेवीची बाटली मरता कामा नये. माझी बाटली ताईंकडे होती, ताईंची माझ्याकडे.

होती. त्या गेल्या त्याच संध्याकाळी मी ती मोरीत ओतली. बाटली घासूनपुसून पालथी घातली. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

नवरा बुटांची नाडी बांधत होता. म्हणाला, "मग जा की ताईकडे. तुझी बाटली घेऊन ये."

"आणि त्यांनी त्यांची मागितली तर?"

"द्यायची. त्यात काय?"

मी सांगितलं त्यात काय ते. त्याचा हात नाडीवरच थांबला. "तुम्हा दोघींच्या पाण्यात मी उतरत नाही," म्हणाला आणि एक नाडी तशीच लोंबत ठेवून कामावर गेला.

मी दहावी बाटली घेतली. तीच, रंग शाबूत असलेली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, 'ताई' असं लिहिलं, पिशवीत घातली. रस्ताभर एकच हिशोब करत होते, की रंग दोन दिवस तरी टिकेल.

ताईंनी दार उघडलं. गळ्यात टेप, तोंडात टाचणी. टाचणी काढून म्हणाल्या, "या वहिनीबाई. रस्ता चुकलात का?"

"बाटली हवी होती, ताई."

"गेलं सगळं?"

"पंखा बंद पडला. खोली तापली. उकडून गेलं."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. खोटं बोलताना नजर हलवायची नाही, एवढं मला येतं.

"होतं तसं," त्या म्हणाल्या. "माझंही गेलं होतं एका उन्हाळ्यात. ये, आत ये."

शिलाई मशीनच्या वर फळी होती आणि फळीवर ओळीने बाटल्या. सगळ्यांच्या हवेच्या नळ्या एकाच पंपाला जोडलेल्या. कडेला माझी. तिच्या चिठ्ठीवर तारखा होत्या, एक खोडून दुसरी, दुसरी खोडून तिसरी, दर पंधरवड्याची, दहा महिन्यांची. पाणी दाट सोनेरी. ताईंनी ती उतरवून माझ्या हातात दिली. एवढी सोपी गोष्ट होती ती.

"आणि माझी?"

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती खिडकीपाशी धरली, चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा डोळ्यांवर आणला.

"रंग छान ठेवलास हं," ताई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, रागात फेकलीस की काय."

मी हसले. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले.

"बरं झालं आणलीस. फळीवरचा हा मोठा डबा कालच धुऊन ताज्या खाऱ्या पाण्याने भरलाय. जुनं बी हवंच होतं मला." बोलता बोलता त्या झाकण फिरवायला लागल्या.

माझी बाटली माझ्या हातात होती. 'येते' म्हणायचं आणि निघायचं, बस. मी दाराशी जाऊन एक चप्पल घातलीसुद्धा. दोन दिवसांत हा डबा पांढरा पडला असता. फुटणाऱ्या बुडबुड्यांचे शिंतोडे शेजारच्या बाटल्यांवर उडाले असते, आठवड्यात सगळी फळी. आणि ताईंनी दोष कुणाला दिला असता? स्वतःच्या हातांना. तीस वर्षं सुई धरलेल्या हातांना.

झाकण निघालं. बाटली तिरकी झाली.

"ओतू नका!"

ताई जागच्या जागी थांबल्या. पाणी बाटलीच्या तोंडापर्यंत आलेलं. "का गं?"

"त्यात रोटिफर आहेत."

"माझ्या बाटलीत?"

"ती तुमची नाही."

ताईंनी बाटली हळूच सरळ केली. झाकण लावलं, घट्ट. "माझी कुठंय?"

"ओतली. तुम्ही गेलात त्याच दिवशी."

त्यांनी ती बाटली हात लांब करून धरत बाहेर नेली, गटारात उपडी केली, वरून जंतुनाशक ओतलं. कोपरापर्यंत हात धुतले. एकदा. दोनदा. मी एका पायात चप्पल घालून उभी. परत येऊन त्यांनी हात पुढे केला.

"ती इकडे दे."

दिली. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं. वाटलं, हीही जाणार आता गटारात. गेली असती तर मी एक अक्षर बोलले नसते. बादल्यांमधले सहा वर्षांचे जीव डोळ्यांपुढे आले.

ताईंनी व्हिनेगरने बाटली बाहेरून पुसली. माझ्या बोटांचा एकूण एक ठसा पुसला. मग दाराबाहेर पायरीवर ठेवली.

"उचल. जिवंत बाटली मारायला मी म्हणजे तू नाही." आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "आधी हात धू. ती रोटिफरची बादली घराबाहेर काढ, मग झाकण उघड. आणि ऐक. खोटं बोललीस ते सोड. माझ्या फळीवर आणलंस तू हे. माझ्या फळीवर."

"ताई, शेवटी मीच थांबवलं ना..."

"म्हणून तर बाटली मिळाली. नाहीतर काय मिळालं असतं ते तुला माहीत आहे." त्यांनी टेप गळ्यातून काढला. "तुझी ठेव आता दुसरीकडे ठेव. इथे नाही."

दार लागलं. आत लगेच मशीन सुरू झालं नाही. बराच वेळ झालं नाही.

मी घरी आले. रोटिफरच्या बादलीत उकळतं पाणी ओतलं, डॉक्टरांना फोन करून नाही म्हणून सांगितलं, शिव्या खाल्ल्या. हात धुतले. अर्धी बाटली बियाला ठेवली, अर्धी चार बादल्यांत वाटली. विजेरी धरून बसले. दुपारनंतर पहिल्या बादलीत हालचाल दिसली. मग दुसरीत. चौथीतले गेले, तीन जगल्या.

त्या गोष्टीला महिना झाला. या कामातल्या दोघांकडे मी ठेवीची बाटली घेऊन गेले. दोघांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, "ताईंकडे का नाही ठेवत?"

दोघांनाही खरं काय ते सांगितलं. दोघांनीही बाटली घेतली नाही.