दोन दातांच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुने क्लॅरिनेट आहे. सोलापुरातल्या एका घरात, कपाटातल्या पेटीत, विटलेल्या निळ्या मखमलीवर मी पडून असते. माझे चार भाग माझ्याजवळ आहेत. पाचवा, ज्याला माऊथपीस म्हणतात आणि जो तोंडात धरून वाजवतात, तो मात्र इथे नाही. मी गप्प आहे, पण माझे तोंड रोज संध्याकाळी पलीकडच्या खोलीत गाते. हे कसे झाले ते तुम्हाला सांगते.

माझे लाकूड आफ्रिकेतले. काळे, आणि पाण्यात टाकले तर बुडेल इतके जड. फ्रान्समधल्या एका कारखान्यात मला भोके पाडली, चकचकीत चाव्या बसवल्या. बोटीने मी मुंबईला आले आणि काही वर्षांनी चनमल्लप्पा नावाच्या तरुणाच्या हाती लागले. तो सोलापूरचा, लग्नाच्या वरातींत वाजवून तयार झालेला. त्याला सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात खुर्ची मिळाली होती. व्हायोलिनवाल्यांच्या मागे बसून आम्ही गाण्याच्या दोन ओळींमधली जागा भरायचो. लोक ती सुरावट रस्त्याने गुणगुणत जात. ती वाजवली कुणी, हे कुणालाच ठाऊक नसे. त्याला त्याचे काही वाटत नसे, आणि मलाही.

पुढे त्याच्या वडिलांनी अंथरूण धरले म्हणून तो बायकोला, गौरम्माला, घेऊन सोलापूरला परतला आणि एका शाळेत संगीत शिकवू लागला. रविवारी गावातल्या ऑर्केस्ट्रात आमचे वाजवणे चालूच होते. आता सगळे त्याला मास्तर म्हणू लागले, म्हणून मीही मास्तरच म्हणते.

मास्तरांसारखा शिकवणारा मी पाहिला नाही. शाळेत पत्र्याची दोनतीन क्लॅरिनेटे होती. त्यांच्यावर मुले शिकत. कुणाचा सूर चिरकला की मास्तर शांतपणे विचारत, "कोंबडी कुणाची धरलीस रं?" सगळी हसत, आणि चिरकणारा सर्वांत जास्त हसे. डबा खाऊन कुणी तसाच वाजवायला बसला, तर ते म्हणत, "आदी चूळ भरून ये. शेंगाचटणी फुंकू नको त्यात." मग मला हातात घेऊन दाखवत. "हे बघा, लाकडाचं वाद्य लेकरागत असतंय. थंडीत आदी काखेत धरून ऊब द्यायची. वाजवून झालं की आतनं पुसायचं. उन्हाळ्यात तेलाचं बोट फिरवायचं. आणि रोज वाजवायचं. न्हाय वाजवलं तर ते वाळतंय."

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो.

क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात माऊथपीसवर टेकवावे लागतात. इतक्या वर्षांत मास्तरांच्या दातांनी तिथे दोन बारीक खळगे पडले होते. १९७३ साली तेच दोन दात हलू लागले आणि डॉक्टरांनी ते काढले. मास्तरांनी कवळी बसवून घेतली. त्या दिवशी त्यांनी मला तोंडाला लावले, तर कवळी हलली आणि सुराऐवजी नुसती हवा आली. त्यांनी मला पुसले, पेटीत ठेवले.

"सवय हू दे कवळीची," ते म्हणाले. "मग वाजवतो की."

"तवर हेमाला द्या की," गौरम्मा म्हणाली. "वाजत तरी राहील."

"न्हाय. त्याला माझ्या तोंडाची सवय हाय."

हेमावती ही वळसंगची मुलगी, मास्तरांची सर्वांत गुणी विद्यार्थिनी. शाळा संपली तरी ती एस.टी.ने शिकायला येत राहिली. पत्र्याच्या क्लॅरिनेटची खालची चावी सारखी अडकायची, म्हणून तिने दोनतीनदा मला मागितले. मास्तर दर वेळी म्हणत, "खंडेनवमी झाली की बघू." खंडेनवमीला मला बाहेर काढत, कुंकू लावत, झेंडूची माळ घालत, मास्तर हात जोडत आणि पेटी पुन्हा बंद होई. मला झेंडू नको होता. मला तेलाचे बोट हवे होते, आणि कुणाचा तरी श्वास.

एका मे महिन्यात पत्र्याचे छप्पर तव्यासारखे तापले होते. भर दुपारी माझ्या अंगात 'टक्' असा आवाज झाला. घरातली सगळी झोपली होती. कुणी ऐकला नाही.

पुढच्याच महिन्यात पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रात जागा रिकामी झाली आणि हेमावतीला परीक्षेला बोलावणे आले. मास्तर मग उठले, त्यांनी पेटी आणली.

"घे," ते म्हणाले. "आता माझ्याच्यानं काय व्हतंय. तूच वाजीव."

हेमावतीने मला जोडले, काखेत धरून ऊब दिली आणि फुंकर घातली. हवा आली. पुन्हा फुंकले, पुन्हा हवाच. मास्तरांनी मला उजेडात धरले. माझ्या वरच्या भागावर केसासारखी उभी भेग होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवले, मग तेच बोट परत फिरवले.

"पोरांस्नी काय शिकवलं मी," ते हळू म्हणाले, "आन् घरात काय केलं."

हेमावतीने माझे माऊथपीस काढून हातात घेतले.

"मास्तर, हे शाळंच्या क्लॅरिनेटला बसंल का?"

"बसंल. पर माझ्या दातांच्या खुणा हायती त्यावर."

"मग तर मला दात कुटं टेकवायचं ते कळंल की."

पुण्यात तिच्या सुराची वाहवा झाली. पण शेवटच्या सुरावटीत शाळेच्या क्लॅरिनेटची ती खालची चावी अडकली, आणि जागा दुसऱ्याला मिळाली. परत आल्यावर तिने मास्तरांना एवढेच सांगितले, "सूर बरा लागला म्हणाले." मास्तरांनी पुढचे विचारले नाही. मिरजेहून आलेल्या एका कारागिराने माझ्या भेगेत लाख भरून पाहिली. उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली.

मित्रांनो, मला कुणी फेकले नाही, कुणी अडगळीत टाकले नाही. माझ्यावर फार जीव होता, म्हणूनच मला बंद ठेवले. तुमच्याही घरी एखादी वस्तू अशी जपून ठेवलेली असेल. तिला हार घालू नका. ती वापरा, पुसा, आणि जिला ती वापरता येते तिच्या हाती वेळेवर द्या.

आता हेमावती आमच्याच घरी मुलांना शिकवते. कवळी काढून मास्तर कोपऱ्यात बसतात. नवे मूल आले की ती माऊथपीस त्याच्या हाती देते आणि म्हणते, "ह्या दोन खळग्यांत दात टेकव. हां, तितंच." मग सूर चिरकतो, मुले हसतात, आणि कोंबडी कुणाची ते मास्तर विचारतात. कपाटातल्या मला ते सगळे ऐकू येते.