बनाबाईचा विश्वास नसलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. एका नव्या विषाणूविरुद्धच्या लढ्यात मी आघाडीवर होतो. त्याआधी माझ्यात बिस्किटं होती.

बिस्किटं संपल्यावर मैंदर्गीच्या हरिबानं माझ्यात दोन बोटं डिझेल ओतलं आणि मला मेंढरांपाशी ठेवलं. रोज सकाळी तो आणि त्याची बायको बनाबाई मेंढरांच्या कानामागचे गोचीड उपटून माझ्यात टाकत. म्हणजे हरिबा टाकायचा. बनाबाईचा माझ्यावर विश्वास नव्हता. टपोरा गोचीड सापडला की ती दोन अंगठ्यांच्या नखांत धरून फोडायची.

"अगं, डबा हाय की फुडं," हरिबा म्हणायचा.

"बुडलेला वर येतोय. फुटलेला न्हाय येत." मग हात लुगड्याला पुसून ती भाकरी थापायला जायची.

मला वाईट वाटायचं. पण डब्याला विचारतो कोण?

वैशाखात तिला ताप भरला. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. सातव्या दिवशी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून परत आली. तोंड कुणाला बघू दिलं नाही. हरिबानं त्या दिवशीही मेंढरं सोडली. मेंढरं उपाशी होती.

मग डॉक्टर वैजयंती मॅडम पथक घेऊन आल्या. त्यांचे पांढरे पोशाख पाहून मेंढरं बिथरली, कुणाला जवळ येऊ देईनात. मॅडम म्हणाल्या, "नवा विषाणू आहे. गोचीड चावल्यानं त्याची लागण होते. चिरडल्यानंही होते."

हरिबा स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत राहिला. मग त्यानं मला पुढे केलं. माझ्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण.

मॅडमनी आत डोकावलं. "हे मेलेत, आजोबा. तपासायला जिवंत हवेत."

"किती पायजेत?"

"पन्नास तरी. मेंढरं तुमचंच ऐकतात, तुम्हीच काढा. पण उघड्या हातानं नाही हं!" त्यांनी चिमटा, बरणी आणि हातमोज्यांची जोडी दिली, आणि पथक शेजारच्या वस्तीवर गेलं.

मित्रांनो, तुम्हीही एवढं ऐका. गोचीड नखानं फोडू नका. हातमोजे घाला, चिमट्यानं काढा, हात साबणानं धुवा. आणि घरात एखादा डबा असेल, तर त्याच्यावर थोडा विश्वास ठेवा.

हरिबानंही ऐकलं. त्यानं मोजे घालून बघितले. ते त्याच्या अंगठ्याशीच अडले.

"बनीला बसलं असतं," तो म्हणाला. मोजे माझ्या झाकणावर ठेवून त्यानं मेंढीचा कान धरला.

दुपारपर्यंत पन्नास भरले.