माझंच कुलूप

"कुणाला दाखवल्याशिवाय कोड आत ढकलायचा नाही, हे किती वेळा सांगू तुला?" असं म्हणून सोमवारी मी छगनला बाहेर काढलं. नोकरीवरून नव्हे, रिपॉझिटरीतून. आम्हा तिघांचा कोड जिथं एकत्र राहतो तिथं मी कुलूपच ठोकलं. कुणी काही बदललं की दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं, मगच ते आत जाणार. मंजुरीचा अधिकार फक्त मला आणि दिपालीला. छगन तोंड पाडून बसला. बसू दे! त्याच्या घाईपायी गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाचं खोल्यांचं बुकिंग तासभर बंद होतं.

आमचं ऑफिस नगरच्या नागापूर एमआयडीसीत, आणि एकुलतं एक गिऱ्हाईक म्हणजे शिर्डीचं एक लॉज. गुरुवारी दुपारी तिथले मॅनेजर आबासाहेब फोनवर कडाडले. "रूथताई, तुमच्या कॉम्प्युटरवर सगळ्या खोल्या फुल्ल, अन् इथं निम्म्या रिकाम्या! मानसं बॅगा घेऊन उभी हायेत. चारपर्यंत नीट करा, न्हाईतर मी आपली जुनी वही काढतो. कायमची!"

वही निघाली की आमचं दुकान बंद.

शोधलं तर चूक माझीच. अगं बाई! शिर्डीत लोक पहाटे येतात, अंघोळ, दर्शन, आणि दुपारी खोली सोडतात. मी मात्र कालच्या बदलात दिलेली खोली दुसऱ्या दिवसापर्यंत अडकवून ठेवली होती. आणि दिपालीनं ते डोळे मिटून मंजूर केलं होतं.

दुरुस्ती भराभर केली. पण मंजूर कोण करणार? दिपाली परीक्षेला बसलेली, मोबाईल गेटवर जमा. कुलूप गुपचूप काढता आलं असतं, हात गेलाही. पण समोर छगन बसलेला. लाज वाटली हो.

"छगन, तुला अधिकार दिलाय. बघ, आणि लवकर हो म्हण."

त्यानं चांगली दहा मिनिटं बघितलं. साडेतीन वाजले, माझा जीव टांगणीला. आणि बाबानं काय करावं? माझं काम नामंजूर केलं!

"ताई, किल्ली परत आली की खोली लगेच दुसऱ्याला देताय. मग झाडायची कवा? मी दोन वर्सं ह्याच लॉजच्या काउंटरवर हुतो. झाडनाऱ्या भीमाबाई 'झाली साफ' म्हनेपर्यंत खोली कुनालाच देत न्हाईत."

राग आला, आणि तितकंच हसू. मुकाट्यानं बदललं. चारला पाच कमी असताना छगननं मंजूर केलं, आणि आबासाहेबांची वही कपाटातच राहिली.

संध्याकाळी मोबाईल हातात येताच सगळं वाचून दिपालीचा फोन. "ताई, छगनचा अधिकार परत काढायचा ना?"

"त्याचा राहू दे," मी म्हटलं. "तुझा काढलाय."