पंधरावरचा काटा

आमच्या कारखान्यात डोळ्यांत घालायचे थेंब बाटल्यांत भरतात. भरायच्या खोलीतला हवेचा दाब बाहेरच्या बोळापेक्षा पंधरा पास्कलनं जास्त हवा, म्हणजे फटीतून हवा बाहेर पळते, धूळ आत शिरत नाही. तो फरक दाखवायला दारापाशी एक गोल गेज. दर दोन तासांनी त्याचा आकडा वहीत लिहिणं माझं काम, खाली सही करणं मॅनेजरांचं. मॅनेजर म्हणजे माझे भावजी, ताईचे यजमान. त्यांनीच मला इथे चिकटवलं, आणि ते मला रोज ऐकवतात.

सोमवारी ट्रॉली अडकून दार पाच मिनिटं सताड उघडं राहिलं. अशा वेळी काटा शून्यावर यायला हवा. आमचा पंधरावर ढिम्म. टिचकी मारली, तरी ढिम्म. वहीची मागची पानं उलटली तर सगळीकडे पंधरा. गेल्या महिन्यात वीज जाऊन हवेचे पंखे बंद पडले होते, त्या दिवशीही पंधरा, माझ्याच अक्षरात. मला माझीच लाज वाटली. दार लावून खालच्या फटीशी कागदाची पट्टी धरली, तर ती आत ओढली गेली.

भावजींना बोलावून पट्टी दाखवली. त्यांनी तिच्याकडे, ते माझ्या पदवीकडे बघतात तसं बघितलं.

"या चिटोऱ्याला कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट आहे? गेजला आहे. लिही पंधरा."

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी स्वतःच लिहिलं, झोकदार सही ठोकली आणि गेल्या महिन्याचा माल उद्या गाडीत चढवायला सांगितलं.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. जावयानं स्वतःच्या कारखान्यातली बाटली आणली म्हणून आईला कोण कौतुक. ती मान मागे टाकून बसली. मी बाटलीवरची तारीख वाचली. पंखे बंद पडले तोच दिवस.

ती तारीख भावजींना दाखवून म्हणालो, "तुम्हीच घाला. गेजला सर्टिफिकेट आहे."

त्यांनी झाकण काढलं, बाटली आईच्या डोळ्यावर धरली. हात तिथेच थांबला. मग हळूच झाकण लावून त्यांनी बाटली खिशात टाकली आणि आईसाठी दुसऱ्या कंपनीची आणतो, असं माझ्या कानात म्हणाले.

"आणि उद्याची गाडी?" मी विचारलं.

मी फोन त्यांच्यापुढे धरून उभा राहिलो.

"घाला ना जावईबापू, मान अवघडली," आई म्हणाली.

त्यांनी शेवटी फोन घेतला. "गाडी थांबवा," ते गोदामवाल्याला म्हणाले. "आमच्या मेव्हण्यानं महिनाभर न बघता आकडे भरलेत."

ते खरंच होतं.