देवकाबाईच्या गाडीची घाटी

बस गा, जरा इकडे सरकून बस, त्या बाजेची दोरी तिकडून ढिली आहे. आता पाह्यलं मीनं, गाडी रस्त्याच्या कडेले लावली अन् चाबी बोटात फिरवत आला तू. मांगं वळून बी पाह्यलं नाही. म्हनून तुले येक गोष्ट सांगतो. चोराची आहे, पर भेवाची नाही. चहा होते तवरिक आयक.

दिघोरीचा श्यामराव तुले मालूम नसन. बासठ वर्साचा गडी, बैलाइचा पक्का दर्दी. हजार बैलाइच्या बजारात याचा बैल हरपला तं नुसत्या शेपटीच्या गोंड्यावरून वळखून काढे. आता बैलं नाही राह्यले. बंडी बी मोडली, लाकूड चुलीत गेलं. राह्यल्या फक्त चाकाच्या दोन लोखंडी धावा, त्या कोठ्याच्या भितीले टेकवून ठेवल्या होत्या. महिन्यातून येक बार तरी त्याच्या बायकोचा, देवकाबाईचा, अंगठा त्याइले ठेचे.

"भंगारवाला आला आहे जी. देऊन टाका ना ते कडे."

"राहू दे."

"कायले राहू दे? त्याइचं का लोनचं घालाचं आहे?"

"राहू दे म्हनलं ना वो."

येवढंच. काहून राहू दे, हे काही त्यानं कधी सांगतलं नाही.

आता गाडीचं आयक. याइचा पोरगा कमलेश पयले पांढरी व्हॅन चालवे, गावातल्या सवाऱ्या नेये-आने. मंग त्याले नागपुरात कंपनीत नोकरी लागली अन् व्हॅन राह्यली कोठ्यात, बैलाच्या जागी. दोन दिवाळ्या पयले तो घरी आला तं देवकाबाई म्हने, "मले शिकव." पंचावन वर्साची बाई. पोरगा हासला, पर शिकवलं. धान कापून बांध्या मोकळ्या होत्या, तिथं बारा दिवस गाडी फिरली. येक तनसीची गंजी पाडली, येक धुरा फोडला, अन् बाई शिकली. लायसन बी काढलं.

श्यामराव महिनाभर तोंड फुगवून होता. "मी एस्टीनं जाईन," म्हने. येक दिवस एस्टी आलीच नाही, उन्हात तीन घंटे उभा राह्यला. व्हॅन आली, थांबली, दार उघडलं. हा बसला. तवापासून बजाराच्या दिवशी देवकाबाईच्या बाजूची सीट याची. खिडकीबाहेर कोपर काढून असा बसे का जसा गाडी तोच चालवून राहिला आहे. मांगं पाच बाया, पायापाशी वांग्याचे टोपले, अन् चालले साकोलीच्या बजाराले. सत्यभामाबाई म्हनून शेजारीन होती, ते म्हने, "देवका, तुह्या गाडीनं बजार आमच्या अंगनात आला."

तं येक दिवस काय झालं, साकोलीच्या बजारामांगं मोकळी जागा आहे, तिथं गाडी लावली. बाया गेल्या दुकान मांडाले. श्यामरावनं येक मोठा कोहळा घेतला, म्हने गाडीत ठेवून देऊ. आला तं निंबाखाली चार व्हॅनी येका लायनीत. चारी पांढऱ्या. बैल असते तं त्यानं डोरे मिटून सांगतलं असतं. गाडीचं काय, तिले ना शिंग ना शेपूट.

दुसऱ्या व्हॅनीखालून दोन पाय बाहेर निंगले होते. भेगा पडलेल्या टाचा, निळ्या चपला.

खालून आवाज आला, "बाबा, तो पाना सरकवा ना जरा इकडे."

श्यामरावनं कोहळा खाली ठेवला, पाना उचलला, देल्ला.

"बिघडली का गा?"

"हो ना बाबा. लय तरास देऊन राहिली."

"देतेच. आमच्या घरी बी येक आहे." असं म्हनून हा तिथंच बसला. सुपारी-तंबाखूचा खर्रा काढला, येक चिमूट त्याच्या हातावर बी ठेवली. पाच मिनिटं गोष्टी केल्या, पान्यापावसाच्या, धानाच्या भावाच्या. खालचा मानूस बरोबर हो ला हो देये. मंग तिसरी गाडी आपली समजून तिच्या चाकापाशी कोहळा ठेवला अन् चहा प्याले गेला.

देवकाबाई आली अन् सिध्धी दुसऱ्या गाडीपाशी गेली.

"कमलेशची माय, ते नव्हे. आपली तिसरी."

"माही गाडी मले वळखू येत नाही का?" म्हने, अन् चाबी फिरवली.

काय सांगू तुले. धानगिरनीत पट्टा तुटल्यावानी आवाज. झाडावरचे कावळे उडाले, भाजीवाल्या बाया उभ्या झाल्या. श्यामरावच्या हातातला चहा हातातच राह्यला. निळ्या चपला त्याच्या डोऱ्यासमोर आल्या. तसाच मेकॅनिक आनाले धावला.

बस स्टँडजवळ केवळरामचं वेल्डिंगचं दुकान आहे, मेकॅनिकचं काम बी करते. तो वाकला, पाह्यलं, उठला.

"सायलेन्सर गेला, काकाजी."

"गेला मंजे?"

"चोरून नेला. आतमंदी मधमाशाइच्या पोळ्यावानी येक वीट रायते, तिच्यात महागाच्या धातूची बुकनी. तिच्यासाठी नेते."

देवकाबाई म्हने, "काहून गा, येवढ्या मोठमोठ्या मोटारी उभ्या होत्या. माहीच गरिबाची दिसली का?"

"मोठी मोटार नेऊन ठेवन कुठी, काकू? जे गाडी घरोघरी दिसते, तिच्यावरच चोराचा डोरा. पिकअप, जीप अखी नेते, कापते, अन् सुटे पार्ट इकते. त्याले गिऱ्हाईक तयारच. ट्रॅक्टरची बॅटरी नेते. अन् तुमच्या व्हॅनीचं पोट जमिनीपासून उंच, जॅक लावाचं बी काम नाही. पाठीवर झोपला, सरकला, दहा मिनिटात मोकळा."

"दहा मिनिटं," श्यामराव म्हने. त्यातले पाच त्यानं सोता देल्ले होते, वरून खर्रा.

कमलेशले फोन लागला. पोरगं चांगलं आहे, पर भेवकुडं. म्हने, "आई, नवीन सायलेन्सर बसवून देतो. पर चोराइनं आता गाडी पाहून ठेवली. पुन्हा काही झालं तं इकून टाकीन. अन् तवरिक बजारात नको नेऊ."

गाडी पोराच्या नावावर. देवकाबाई "बरं" म्हने. नवीन सायलेन्सर बसला, अन् गाडी गेली कोठ्यात.

पुढच्या बजाराच्या दिवशी श्यामराव शेतातून आला. घरात कोनी नाही. कोठ्यात पाह्यलं तं देवकाबाई गाडीत बसली होती. बजाराचं लुगडं, केसाले तेल, पायात चांगली चप्पल. चाबी नव्हती लावली. दोन्ही हात स्टेरिंगवर, अन् समोरच्या भितीकडे पाहून राहिली होती, जसा साकोलीचा रस्ता तिथूनच जाते.

हा दाराच्या मांगं झाला. तिनं पाहू नये म्हनून खोकला बी दाबला. सांगाव का सगळं? पाना, खर्रा, समदं? पाच पावलं गेला, वापस फिरला. मानूस बैलाच्या शिंगाले भेत नाही, बायकोच्या चुप बसन्याले भेते.

दुसऱ्या दिवशी ते निंदाले गेली अन् यानं भितीची येक धाव काढली. गावातून गडगडवत नेली एस्टीपर्यंत, लहान पोट्टे टायर नेते तशी. लोकाइनं समजलं, अखेर इकली. कंडक्टर म्हने, "हे काय आहे, काकाजी?"

"तिकीट लाव अर्धं. बसाले जागा नसन तं ते उभं रायन."

केवळरामच्या दुकानात त्यानं धाव टाकली. "याचा पिंजरा बनव. सायलेन्सरच्या खालून."

केवळरामनं लोखंडावर हातोडी मारून पाह्यली. आवाज आयकूनच त्याचं तोंड बदललं. "असं लोखंड आता भेटत नाही, काकाजी. पक्का इचार केला ना? कापलं का कापलं."

"तू काप."

"चोराले अडवता येत नाही कोनाले, हे सांगून ठेवतो. फक्त वेळ लावाचा. दहा मिनिटाचं काम अर्ध्या घंट्याचं केलं का तो दुसरं घर पाहते. बोल्टाइचे डोके मी वेल्डिंगनं बसवून टाकतो, पाना लागलाच नाही पायजे. अन् गाडी लावाची ते चार मानसाइच्या नजरंत, कोपऱ्यात नाही."

पाना लागलाच नाही पायजे, हे आयकून श्यामरावले जरा बरं वाटलं. त्यानं खिशातून फडक्यात बांधलेली येक पितळी घाटी काढली. त्याच्या शेवटच्या बैलाच्या, चांद्याच्या, गळ्यातली. "हे बी आत लटकव. तारेनं, घट्ट."

"हे कायले?"

"वढाळ जनावर कुठी गेलं ते घाटीवरूनच समजते ना गा."

घरी येऊन म्हने, केवळरामनं बोल्ट कसाले गाडी बोलावली आहे. देवकाबाई गाडी घेऊन गेली. तिले बांगड्याच्या दुकानात धाडलं अन् तवरिक पिंजरा बसवून घेतला. कमलेशले फोनवर मनवलं. तो म्हने, "येक बार, बाबा. आता काही झालं तं माह्यावालं आयकाचं."

वापस येताना पयल्याच खड्ड्यात घाटी वाजली.

"हे काय वाजून राहिलं जी?"

"चोराले भेव."

मंग काय, दिघोरीले नवी मजा झाली. देवकाबाई गाडी काढे अन् अख्ख्या रस्त्यानं टन् टन् टन् टन्. हारन वाजवाचं कामच नाही. सत्यभामाबाई चुलीपाशी असे, घाटी आयकली का टोपलं उचलून दारात. पोट्टे म्हने, "बंडी आली वो, बिना बैलाची, डिझलवाली."

"पेट्रोलवर आहे बे ते," श्यामराव खिडकीतून सांगे. येवढं त्याले मालूम झालं होतं.

तिसऱ्या बजाराले गोष्ट घडली. गाडी यावेळी चहाच्या टपरीसमोर लावली होती. पर दुपारी टपरीवाला पोरगा जेवाले गेला, श्यामराव दोरीच्या दुकानात. देवकाबाई सत्यभामाबाईच्या बाजूले वांग्याच्या ढिगापाशी बसली होती, गिऱ्हाईकाले तोलून देऊन राहिली होती.

तं टन्. टन् टन्.

सत्यभामाबाई म्हने, "आली पाय देवका." अन् मुंडी फिरवली तं देवका बाजूलेच, हातात तराजू. दोघी येकमेकीकडे पाहाले लागल्या.

उभी गाडी वाजते कशी?

पाची बाया उठल्या. सत्यभामाबाईच्या हातात वजन होतं, किलोचं, ते घेऊनच धावली. देवकाबाईनं मोठ्यानं हाक देल्ली, "कोन आहे रे खाली?" गाडीखालून येक मानूस निंगला तो सरळ बसस्टँडाकडे पळाला. येक चप्पल राह्यली, निळी. अन् आरीची पत्ती, दोन तुकडे झालेली.

श्यामराव दोरी टाकून आला. चप्पल पाह्यली अन् तिथंच उकीडवा बसला.

देवकाबाई लुगडं खोचून गाडीखाली वाकली. नुकसान किती ते पाहाले. सायलेन्सर जागच्या जागी. पिंजऱ्यावर आरीचा येक ओरखडा, चकाकता, नखायेवढा. तिनं त्याच्यावर बोट फिरवलं. बोट पुढं सरकलं अन् थांबलं. लोखंडात तीन रिबिटा होत्या, येका वळीनं.

त्या तीन रिबिटा तिले मालूम होत्या. लगन होऊन बंडीत बसून निंगली होती, तवा वैनगंगेच्या काठच्या तिच्या गावाबाहेरच चाकाची धाव निखळली. लोहार बोलावला, त्यानं तीन रिबिटा ठोकल्या. अर्धा दिवस नवरी-नवरदेव बोरीखाली बसून. नव्या नवऱ्याशी पयली गोष्ट तिनं तवाच केली, "तहान लागली," म्हने. आता ते गाव नाही, ते बोर नाही, सडक नाही. समदं गोसीखुर्दच्या धरनात, पान्याखाली.

ते लवकर बाहेर निंगली नाही. निंगली तं डोरे पुसले, माती गेली असन.

"मले वाटलं भंगारवाल्याले देल्लं तुमी."

"भंगारवाल्याच्या बापाले बी देल्लं नसतं." मंग खाली पाहून म्हने, "कमलेशची माय, येक सांगाचं आहे. पयल्या बारीले त्याले पाना मीनंच देल्ला होता."

देवकाबाईनं चपलीकडे पाह्यलं, मंग नवऱ्याकडे.

"अन् खर्रा बी," तो म्हने. सांगाचंच तं पूरं सांगाव.

"धानाच्या भावाचं बी बोलले असान."

"हो."

सत्यभामाबाई हासाले लागली ते वांगे वाऱ्यावर सोडून. देवकाबाई नाही हासली. म्हने, "दोन पाय दिसून राहिले होते, तं वढाचे होते धरून. पाना काय देते मानूस." मंग तिनं त्याच्या खांद्यावरची माती झटकली, नसलेली. "चला, बसा. नंबर सांगा पयले गाडीचा. सांगतल्याबिगर बसाचं नाही."

त्याले नाही आला. तिनं सांगतला, त्यानं म्हनला. आता दर बजाराच्या दिवशी हेच. खिडकीबाहेर कोपर काढाच्या पयले नंबर म्हनून दाखवाचा. कमलेशले फोन तिनंच केला. म्हने, "चोर आला होता. चप्पल सोडून गेला. तुहा बाप ज्याची त्याले धाडून देते म्हने कुरिअरनं." पोरगा गाडी इकाचं नाव पुन्हा काढत नाही.

दुसरी धाव अजून भितीलेच आहे. देवकाबाईचा अंगठा ठेचते, पर भंगारवाला आला का आता तेच म्हनते, "राहू दे."

घे, चहा आला. आता तुले येकच इनंती आहे, बापू. बजारात कोनाच्या गाडीखाली दोन पाय दिसले तं श्यामरावसारखं पाना देऊन मोकळं नको होऊ. जरासंक वाक, तोंड पाय त्याचं, अन् येक बार इचार, "कोनाची गाडी गा हे?"