फळ्यामागच्या मुली

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्ही त्याची पुढची बाजूच बघता. म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझी ही गोष्ट बरीचशी माझ्या पाठीची आहे.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत गणपतराव सरांचा इंग्रजीचा क्लास चालायचा. १९६८ साली केरबा सुतारांनी मला त्याच खोलीत बसून घडवलं. सागाच्या फळ्या, रुंद चौकट, भक्कम पाय. एका क्लासला एवढा लांबरुंद फळा कशाला, असं मला वाटलं होतं. ते लवकरच कळलं. त्या वर्षी क्लासला मुलीही येऊ लागल्या होत्या, आणि 'आमच्या पोरी पोरांच्या नजरंम्होरं बसणार न्हाईत,' असं सगळ्या घरांनी एका सुरात बजावलं होतं. इतर बाबतीत त्या घरांचं कधी एकमत झालेलं मी ऐकलं नाही. पडदा वाऱ्याने उडतो, म्हणून सरांनी मलाच खोलीच्या मधोमध उभं केलं. पुढे मुलगे, मागे मुली. मुली स्वयंपाकघराच्या दाराने येत आणि त्याच दाराने जात.

एकदा एका वात्रट मुलाने मला जरासा सरकवून पलीकडे डोकावलं. दुसऱ्याच दिवशी केरबांनी माझी एक कड खिडकीच्या चौकटीला आणि दुसरी सरांच्या कपाटाला खिळ्यांनी ठोकून टाकली. तेव्हापासून मी जागचा हललो नाही. मागच्या बाजूला खिडकी नव्हती. एप्रिलमध्ये तिथे मुलींचा जीव घुसमटायचा, आणि ते उकडणं माझ्या पाठीला जाणवायचं. स्वतः जखडलेला असून दुसऱ्याला कोंडायचं, हे काम मला मुळीच आवडलं नव्हतं.

सरांचा आवडता धडा म्हणजे भविष्यकाळ. माझ्या कपाळावर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने शॅल, विल आणि गोइंग टू यांचा तक्ता कायमचा रंगवून घेतला होता. ते म्हणायचे, "कोल्हापुरातला माणूस 'हा आलोच' म्हणतो, तेव्हा तो अजून अंघोळीलाही गेलेला नसतो. इंग्रजीत असलं चालायचं नाही. आत्ता मनात आणलं तर विल. आधीच ठरलेलं असेल तर गोइंग टू." मुलगे तक्ता बघून भराभर उतरवून घेत. मुलींना मात्र माझी कोरी, खडबडीत पाठ दिसायची. नुसतं ऐकून लिहिलेलं चुकायचं. मुलाची वही मागावी, तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा.

त्या मुलींत एक जरीना होती. तिच्या वडिलांचं, सिकंदरभाईंचं, शाहूपुरीत गाद्या भरायचं दुकान होतं. घरी दाभणाने गाद्या शिवून ती क्लासला यायची, तेव्हा केसांत कापूस अडकलेला असायचा. तिला परगावी जाऊन नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. त्यासाठी तोंडी परीक्षा होती, आणि तीही इंग्रजीत.

एक दिवस तिने मागूनच विचारलं, "सर, म्होरं काय लिव्हलंय, ते आमाला कसं कळायचं?"

सर खाकरले आणि त्यांनी विषय बदलला. जरीनाने बदलला नाही. केरबांचीच मुलगी शालू तिच्या शेजारी बसायची. दोघींनी बॅटरीचे संपलेले सेल फोडले, आतली काळी पूड भोपळ्याच्या पाल्याच्या रसात कालवली आणि क्लास भरायच्या आधी माझी पाठ काळी कुळकुळीत केली. मित्रांनो, इतक्या प्रेमाने मला कुणी कधी हात लावला नव्हता. त्या दिवसापासून सर पुढे बोलायचे आणि जरीना मागे लिहायची. मग सर स्वयंपाकघरातून वळसा घालून यायचे आणि चुका सुधारायचे.

तिची वाक्यं पाहून सर चक्रावले. 'माझा भाऊ मुंबईला जाईल.' 'आमची शेळी उद्या विईल.' इंग्रजी रूपं अचूक, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिने 'इन्शाअल्ला' लिहिलेलं. तिचं बघून शालूने 'जोतिबाच्या मर्जीनं' लिहिलं.

"हे इंग्रजीत लागत नाही," सर म्हणाले.

"मग सर, ते खरं कसं व्हायचं?" जरीनाने अगदी मनापासून विचारलं.

सरांनी खडू पुन्हा तिच्या हातात दिला. ते एवढंच म्हणाले, "स्वतःबद्दल एक वाक्य लिही. परीक्षेत तेच विचारतील." तिने 'आय' लिहिलं. खडू तिथेच थांबला. भावाचं भविष्य तिला येत होतं, शेळीचंही येत होतं. स्वतःचं मात्र लिहवेना. शेवटी तिने ते अक्षर पुसून टाकलं. मला फार वाईट वाटलं.

परीक्षेचं बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात सिकंदरभाई क्लासला आले. ते मुलग्यांच्या बाजूला उभे राहून म्हणाले, "सर, उद्यापास्नं जरीना येणार न्हाय. मुरगूडच्या पावण्यांनी पसंती कळवलीय."

मागे जरीनाचा श्वास माझ्या पाठीवर आपटत होता. बाप पुढे, लेक मागे, आणि मधे मी. त्या क्षणी मला खिळ्यांसकट उपटून कुणी बाजूला फेकलं असतं तरी चाललं असतं.

"अब्बा," ती म्हणाली, "मी परीक्षेला जाणार हाय."

सिकंदरभाई माझ्याकडे बघत राहिले. त्यांना दिसत होता तो फक्त तक्ता.

"आन् पावण्यांस्नी काय सांगू?"

"थांबतील तर थांबू देत. न्हाय थांबले तर न्हाय. मी जाणार."

सिकंदरभाई हळू आवाजात म्हणाले, "इन्शाअल्ला म्हणायचं ऱ्हायलं की तुझं."

"इन्शाअल्ला," जरीना म्हणाली.

"येस्टी किती वाजताची हाय, सर?" सिकंदरभाईंनी विचारलं. "मीच सोडून येतो तिला."

जरीनाची निवड झाली. पुढच्या जूनमध्ये माझ्यामागे आणखी मुली आल्या, दाटीवाटीने बसल्या. लोक म्हणायचे, फळा आडवा होता म्हणून पोरीला बोलायचं धाडस झालं. साफ खोटं. धाडस तिचं होतं. मी आडवा होतो, एवढंच.

आता सर थकले, क्लास बंद झाला, आणि मला उपटून परसात टाकलंय. बंबासाठी मला फोडायचं बोलणं चालू आहे. फोडलंत तरी माझी तक्रार नाही. पण कुणाला मी शाळेसाठी हवा असेन, तर मित्रांनो, एवढंच करा. मला भिंतीवर ठोका. अगदी चिकटवून ठोका, इतकं की माझ्यामागे कुणाला बसवायला जागाच उरू नये.