कदाचितराव

माझ्या मावशीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथे भविष्यकाळ चालत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "पँट कधी होईल?" मावशी सांगते, "झालीच." पँट अजून पिशवीतून बाहेरही निघालेली नसते. कुणी हाक मारली की आतल्या खोलीच्या पडद्यामागून आवाज येतो, "आलेच!" मग हातातली शिवण संपते, दोरा तुटतो, चहाचा शेवटचा घोट घेतला जातो आणि त्यानंतर कधीतरी पडदा हलतो. हात तिचा सोन्याचा, म्हणून लोक थांबतात. थांबून थांबून वैतागलेल्या लोकांची बोलणी मी खाते. मी तिची भाची. मापं घेते, इस्त्री करते, आणि इंग्रजी गिऱ्हाइकांशी बोलते, कारण मावशीचं इंग्रजी यस, नो आणि थँक यूच्या फारसं पुढे जात नाही.

या दुकानात एक दिवस पियानो जुळवणारे एक इंग्रज गृहस्थ आले. कोटाचं अस्तर फाटलेलं, हातात हत्यारांची जड पेटी, आणि बोलणं असं, की वाक्य सुरू होतानाच माफी मागायचं. त्यांना इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं. ते म्हणाले त्याचं मराठी असं होतं: "गुरुवारी मी कदाचित डोकावेन म्हणतो. म्हणजे, तुमची अडचण होणार नसेल तर."

"म्हणजे येत नाहीत," मावशी म्हणाली आणि कोट खुंटीला लावला.

गुरुवारी मी शटर वर केलं तर गृहस्थ पायरीवर हजर. कोट खुंटीवर जसाच्या तसा. मावशीने त्याच दिवशी त्यांचं नाव कदाचितराव ठेवलं. मला मात्र एक गोष्ट कळून चुकली. हे 'कदाचित' म्हणाले की काळ्या दगडावरची रेघ, आणि आमची मावशी 'झालंच' म्हणाली की भिजत घोंगडं.

त्या दिवशी ते खुर्चीत बसून राहिले. आतून तीनतीनदा "आलेच" ऐकू आलं, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, या शब्दाचा अर्थ काय असावा बरं?

"ती म्हणतेय, 'आय केम'," मी शब्दशः इंग्रजी करून टाकलं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे कोणीही नव्हतं. "असं होय," ते अतिशय सभ्यपणे म्हणाले.

मग त्यांच्या कोटाची बटणं तुटू लागली. आधी बाहीचं, मग समोरचं. दर वेळी तेच, कदाचित येईन, शक्य झालं तर, जमल्यास, आणि दर वेळी ते वेळेवर हजर. एकदा मावशीने बटण हातात घेतलं, उजेडात धरलं आणि मला मराठीत म्हणाली, "हे तुटलेलं नाही. ब्लेडने कापलंय. दोऱ्याची टोकं बघ."

"मग सांगू त्यांना?"

"काही सांगायचं नाही. आणि दात काढू नकोस."

तिने ते बटण इतकं घट्ट लावलं की पुढच्या वेळी बिचाऱ्यांना दुसरं शोधावं लागलं. मावशीचं लग्न राहूनच गेलं होतं. आजीचं आजारपण, मग दुकान, मग मी. त्या दिवसांत ती शिवताना गुणगुणायची, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं, अगदी आतून.

त्यानंतर एक दिवस ते बटण न घेताच आले. दुसऱ्या गावच्या संगीतशाळेत कायमचं काम मिळालं होतं, संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं. पेटी खाली न ठेवता, 'आय डोंट सपोज' अशी सुरुवात करून ते मावशीकडे बघून म्हणाले, "मला नाही वाटत, तुम्हाला कधी माझ्यासोबत तिकडे यावंसं वाटेल."

मी तोंड उघडायच्या आत मावशीने हात वर केला. "तू गप्प. 'डोंट' म्हणाले ते. 'डोंट' मला कळतं." आणि ताठ मानेने त्यांना म्हणाली, "नो. थँक यू."

"राइट," कदाचितराव म्हणाले. मग पेटी दुसऱ्या हातात घेत, "दॅट्स दॅट." टोपी घातली आणि गेले.

"शेवटी काय म्हणाले?"

"संपलं म्हणाले."

"बहुतेक संपलं, की नुसतं संपलं?"

"नुसतं."

मावशी मशीनपाशी बसली, पण पाय पॅडलवर ठेवला नाही. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, तो घसरला. "मावशी, ते तुला विचारत होते!"

"विचारत होते? 'डोंट' म्हणाले ना?"

"त्यांच्यात असंच विचारतात! नकार आला तर निदान आपण आधीच म्हणालो होतो, एवढं समाधान राहावं म्हणून! फार मनातलं असलं की ते 'नाही वाटत'पासून सुरू करतात."

"अरे देवा. मग माणसाने नीट विचारावं की!" मावशी उठली ती धडपडतच. गळ्यात टेप, बोटात शिवणाचं अंगुस्तान, एका पायात चप्पल. दुसरी टेबलाखाली गेली होती. दारात उभी राहून ती रस्ताभर ओरडली, "मिस्टर! आय केम! आय केम!"

कदाचितराव कोपऱ्यावर पोचले होते. ते वळले. बाई तर दारातच उभी होती, आली कुठेच नव्हती. दुसरा कुणी असता तर मान हलवून चालू पडला असता. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजेड पडला. त्या गुरुवारी मी सांगितलेला 'आलेच'चा अर्थ त्यांना आठवला असणार. ते लांबूनच तीन शब्द बोलले. "आय विल वेट."

"काय म्हणाले?" मावशीने माझा दंड धरला.

"कदाचित नाही म्हणाले."

तिचा चेहरा असा पडला की मला माझ्याच जिभेचा राग आला. "अगं, 'कदाचित' म्हणाले नाहीत! थांबतो म्हणाले. नुसतं 'थांबतो'."

मावशीने माझा दंड सोडला. केसांवरून हात फिरवला, अंगुस्तान काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि दुसरी चप्पल शोधायला आत पळाली. पडद्यामागून आवाज आला, "त्यांना सांग, आलेच!"

सांगायची गरजच पडली नाही. कोपऱ्यावर कदाचितरावांनी पेटी फुटपाथवर आडवी ठेवली होती, आणि बराच वेळ लागणार हे माहीत असलेल्या माणसासारखे ते तिच्यावर ऐसपैस बसले होते.